इथली, तिथली आणि गोधडी

कलादालनाच्या अर्जात 'दुहेरी ओळख' या सदराखाली दोन रकाने होते : इथली किती टक्के, तिथली किती टक्के. गोधडीवालीने दोन्हींत शंभर भरले.

"बेरीज दोनशे होतेय, ताई," अर्ज तपासनीस म्हणाले. "संगणक शंभराच्या वर घेत नाही. कुठेतरी कमी करा."

"तिथे आईने वाढवलं, इथे सासूबाईंनी. कुणाला कमी करू?"

तपासनीस विवाहित असल्याने प्रश्नाचं गांभीर्य त्यांना तत्काळ पटलं. त्यांनी नियमात बसणारा तोडगा काढला : दोनशे टक्के, अर्थात दोन कलावंत.

ओळखपत्रं दोन निघाली, फोटो एकच. उद्घाटनाला दोन खुर्च्या मांडल्या. एक रिकामी राहिली, म्हणून 'तिथली'कडून खुलासा मागवला. तो 'इथली'ने दिला; परस्पर दिलेला खुलासा ग्राह्य नसल्याने फेटाळला गेला. गोधडीवाली हसण्यावारी नेत होती. भिंत मिळाली की झालं. आई आणि सासूबाई, दोघी म्हाताऱ्या आता नव्हत्या. त्यांच्या जुन्या कपड्यांच्या या गोधडीत एवढी ऊब उरली होती.

मग तपासनीस मोजपट्टी आणि कात्री घेऊन आले.

"एका भिंतीवर एकच कलावंत. गोधडी मधोमध कापू. दोघींपैकी कुणावर अन्याय नको."

"अहो, आईच्या बाहीवर सासूबाईंचा खिसा शिवलाय! कापणार कुठून?"

"हेच तर जागतिकीकरण, ताई. कापल्याशिवाय लोकांना दिसणार कसं?"

तिने काठावर भरलेली ओवी दाखवली :

एक श्वास आत गेला, एक बाहेर आला,
कोणता गं परका झाला, सांग बाई.

तपासनिसांनी वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले. "फारच सुंदर," ते म्हणाले. "दोनच ओळी आहेत ना? प्रत्येकीला एक."

गोधडीवालीने गोधडी उतरवली, खांद्यावर टाकली आणि चालती झाली. भिंतींवर दोन नावांच्या पाट्या तेवढ्या राहिल्या. प्रदर्शन तुफान चाललं. समीक्षकांना त्या रितेपणात विस्थापनाची कळ दिसली. तपासनिसांना बढती मिळाली.

तुम्हीही गेला होतात. रिकाम्या भिंतीपुढे मान तिरकी करून बराच वेळ उभे होतात. अभिप्रायाच्या वहीत 'सगळ्या सीमा पुसणारा अनुभव' असं लिहिलंत. नावापुढे दोन चौकटी होत्या : इथले, तिथले.

तुम्ही एकीत खूण केलीत. पेन जराही अडखळलं नाही.