मालक हजर, पण…

"सर, तुमच्या लग्नात अँड होतं का बट?"

'हिंमत असंल तर इचार,' असं मैत्रिणींनी, ज्योती आणि दिपाने, डिवचलं होतं, म्हणून 'अँड' आणि 'बट' शिकवणं चालू असताना दहावीतल्या शिलाने भर वर्गात विचारून टाकलं. पोरं बाकं बडवून हसली. इंग्रजीचे सर लालबुंद झाले. "दोन्ही जोडायलाच असतात. बस खाली!" म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. फरक सांगायचा राहूनच गेला.

शिलाने मात्र उत्तर पक्कं धरलं. दोन्ही जोडतात, मग अँड बारक्या पोरांचं, बट वजनदार.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांना, वसरामला, कनेरगाव नाक्यावरच्या आपल्या ढाब्यासाठी इंग्रजी पाटी हवी होती.

"पेंटर काहून? मीच लिहिते की!"

"लिही. बराबर जमली तर अकरावीला हिंगोलीला धाडतो. फसली तर गल्ल्यावर बसायचं."

मालक स्वतः हजर असतो आणि जेवण चांगलं मिळतं, हे शिलाने चांगलं वजनदार करून रंगवलं : 'ओनर इज ऑलवेज हिअर बट फूड इज गुड.'

पहिल्याच दिवशी वाशिमकडून आलेला एक गाडीवाला पाटीखाली पोट धरून हसायला लागला. "मामा, मालक कायम इथंच असतो, तरीपण जेवण चांगलं असतं, असं लिहिलंय! तुमी भाजीत काय कालवता का काय?"

वसरामच्या हातातला झारा हवेतच राहिला. शिलाचं तोंड उतरलं. गेलं हिंगोलीचं कॉलेज!

पण हसणारा पोटभर जेवला, पाटीचा फोटो मोबाईलवरून सगळीकडे टाकून गेला. मग लोक 'तो मालक' बघायला थांबू लागले. वसरामला पाटीशेजारी उभं करून फोटो काढायचे आणि भाकरी मागवायचे. शिला रंगाचा डबा घेऊन आली, तर वडिलांनी तो हिसकावला.

"हात लावू नको! इतके दिस कुणी कुत्रं इचारत नव्हतं."

"बा, ते चुकलंय. तिथं अँड पाहिजे."

"चुकलंय म्हणूनच चालून राहिलं ना! तू आता गल्ल्यावरच बस. अशाच पाट्या लिही."

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आईने, रुख्मिणीबाईने, हात झटकले. "पोरी, एक काय ते सांग. कॉलेज, न्हाई तर गल्ला."

शिला आई-वडिलांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"याडी, बा, ऐका. मी हिंगोलीला शिकणार अन् रविवारी गल्ल्यावर बसणार. मधी 'न्हाई तर' न्हाई. मधी अँड हाय."