बिनफोमची शेड

छप्पर जितकं भक्कम, तितका त्याखाली बसणाऱ्याचा हुद्दा मोठा, हा बांधकामशास्त्रातला एक दुर्लक्षित पण अटळ नियम आहे. गळक्या छपराखाली कोणीही राहू शकतं. न गळणाऱ्या छपराखाली समिती राहते. पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात वसलेल्या उंबरमाळ वाडीतल्या रायबाला हा नियम ठाऊक नव्हता. म्हणून त्यानं म्हशीसाठी चांगली शेड बांधली.

उंबरमाळात बारमाही उघडी घरं नऊ. 'उंबरमाळ ग्रामस्थ विकास मंडळ, मुंबई' याचे पदाधिकारी तेवीस. (विकास मुंबईत असतो, ग्रामस्थ वाडीत असतात, आणि दोघांची गाठ पडू नये याची काळजी मंडळ घेतं.) अध्यक्ष श्रीपतराव हे नात्यानं रायबाचे चुलतभाऊ. राहायला मुंबईकडे, दिव्याला. रायबाचा मुलगा चंदन मंडळाचा सहचिटणीस, म्हणजे चिटणीस जे विसरतील ते लिहून ठेवणारा.

रायबाला शेड हवी होती त्याला कारण होतं. जुन्या गोठ्याची मातीची भिंत बसली होती, आणि गेल्या पावसाळ्यात सगुणा म्हैस प्लास्टिकच्या कागदाखाली व्याली. झड अशी तिरपी येत होती की कागद असून नसल्यासारखा. रेडकू भिजलं, गारठलं. रायबाच्या बायकोनं, चंद्राबाईनं, ते उचलून चुलीपुढे आणलं, गोणपाटानं चोळलं, पण सकाळपर्यंत काही टिकलं नाही. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या टायमाला सुकी जागा पायजे. बास."

त्या 'बास'च्या धाकानं रायबा महाडला गेला. शेडची कामं करणाऱ्या इनायतच्या वर्कशॉपमध्ये बसून त्यानं नकाशा समजावला. मधे उंच शेड, दोन्ही अंगांना उतरत्या पडव्या. मधल्या भागात सगुणा आणि तिचा पेंढा, एका पडवीत पॉवर टिलर, दुसऱ्या पडवीत भाताची पोती नि सरपण. इनायतनं पट्टी टाकत सगळं ऐकून घेतलं.

"रायबाभाऊ, पत्र्याखाली फोम मारून देऊ? आवाज निम्म्यावर येतो. नाहीतर तुमच्याकडचा पाऊस पत्र्यावर पडला की शेजारच्यानं कानात बोंब मारली तरी ऐकू यायचं नाही."

"म्हशीला काय कीर्तन ऐकायचं हाय?"

"बघा हां. नेताना सगळे म्हशीसाठीच नेतात. सहा महिन्यांनी येतात नि विचारतात, इनायतभाई, झुंबर कुठं टांगू?"

रायबा हसला. फोम राहून गेला.

शिमग्याच्या सुमाराला शेड उभी राहिली. निळा पत्रा, लोखंडी खांब, खाली कोबा, कडेनं पन्हळ. चंदननं फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. (फोटोच्या कोपऱ्यात सगुणाचं शेपूट आलं होतं, ते कापलं.) संध्याकाळपर्यंत तेवीसही पदाधिकाऱ्यांनी हात जोडले, आणि रात्री श्रीपतरावांचा फोन आला.

"रायबादादा, वाडीच्या वैभवात भर पडली. शेड तुमची, पण वाडी आपली ना?"

रायबा 'हो' म्हणाला. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर चंद्राबाईनं विचारलं, "अवो, शेड आपली, वाडी त्यांची. मग म्हस कुणाची?"

इथून पुढचं सगळं अत्यंत शिस्तीत झालं, हे मंडळाच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. सगुणाला कोणी हाकललं नाही. तिचं टप्प्याटप्प्यानं पुनर्वसन झालं. मे महिन्यात पहिली हळद लागली तेव्हा तिला मधल्या भागातून डाव्या पडवीत आणलं. डाव्या पडवीत डीजेचे डबे आले तेव्हा उजव्या पडवीत. उजव्या पडवीत आचाऱ्यानं भट्टी लावली तेव्हा बाहेर, पन्हळीच्या तोंडाशी, खांबाला प्लास्टिकचा कागद बांधून. तिथून शेड फार छान दिसते, असं मुंबईहून आलेल्या सगळ्यांचं मत पडलं. टिलर रायबाच्या ओटीवर आला, पोती माजघरात आली, आणि पाहुणे आले की नवराबायको पोत्यांवर बसू लागली.

गणपतीपर्यंत शेडचा वापर पुढीलप्रमाणे झाला: हळदी तीन. क्रिकेटचं बक्षीस वितरण दोन. बारसं एक (बाळ मुंबईतच होतं, त्याचा बॅनर आला होता). शोकसभा एक, तिच्यातल्या बासुंदीची आठवण अजून लोक काढतात. शेतीविषयक उपक्रम एक. हा शेवटचा उपक्रम म्हणजे 'बळीराजा सन्मान सोहळा'. त्यात रायबाला शाल आणि नारळ देण्यात आला, आणि वासाचा त्रास नको म्हणून सगुणाला तेवढ्या वेळेपुरतं ओढ्यापलीकडे बांधण्यात आलं. (शाल पुढे सगुणाच्याच पाठीवर गेली. पावसात ऊब देईल असं वाडीत तेवढंच शिल्लक होतं.)

या सगळ्यात रायबा एकदाही 'नाय' म्हणाला नाही. त्याला वाटे, सांगू. कुणी उठून गेला की सांगू, जेवणं झाली की सांगू. आणि जेवणं झाली की लोक मुंबईला जात.

मग भाद्रपद आला. कुलपं निघाली, वाडी माणसांनी भरली. गौरी-गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा ठरली. त्या दिवशी सकाळी चंद्राबाई पन्हळीच्या तोंडाशी उकिडवी बसून सगुणाची कास बघत होती.

"आज व्येणार. आज तिला आत घ्या बोला त्यांना."

"सभा झाली की बोलतो."

"गेल्या वर्सीबी पाऊस थांबला की बघतो बोलला व्हतात."

रायबा खुर्च्या मांडायला गेला.

सभा वेळेवर सुरू झाली, आणि पाऊसही. पोलादपूरच्या पावसाला पत्रा मिळाला की त्याला वक्ता म्हणून बोलावल्यासारखं वाटतं. पहिल्याच सरीला लाईट गेली, माईक मेला. श्रीपतराव उभे राहिले आणि त्यांचं तोंड उघडमिट करू लागलं. आवाज फक्त पत्र्याचा. पहिल्या रांगेतल्यांनी कानामागे हात धरून पाहिले, मग काढले. पण सभेला एक रीत असते, आणि रीत ऐकू येण्यावर अवलंबून नसते. अध्यक्षांचं तोंड मिटलं की सगळ्यांनी हात वर करायचे.

तोंड मिटलं, हात वर झाले. मागील सभेचं इतिवृत्त कायम झालं. तोंड मिटलं, हात वर झाले. श्रीपतराव पाचव्यांदा बिनविरोध अध्यक्ष झाले. तोंड मिटलं, हात वर झाले. पडव्यांना टाईल्स मंजूर. एकमतासाठी माणसं वर्षानुवर्षं खपतात. इथं ते अर्ध्या तासात सात वेळा झालं. प्रत्येक वेळी रायबानंही हात वर केला. आपल्या शेडला श्रीपतरावांच्या वडिलांचं नाव द्यायला आपला पाठिंबा होता, हे त्याला दसऱ्याला कमान उभी राहिली तेव्हा समजलं.

शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. श्रीपतरावांनी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं आणि बसायला वाकले, तर बायकांच्या घोळक्यातून चंद्राबाई उठून उभी राहिली.

रायबा घोळक्याला लागूनच बसला होता म्हणून त्याला ऐकू आलं. ती ओरडली नाही. रोज बोलते तशीच बोलली. "माजी म्हस आज हितं आत व्येणार. तिचं रेडकू मोठं होईस्तवर ती हितंच ऱ्हानार. कुणाला काय बोलायचं आसल तर आत्ता बोला."

तिचं तोंड मिटलं.

हात वर झाले. पहिला श्रीपतरावांचा. मग खजिनदारांचा, मग सगळ्यांचा. सहचिटणीस चंदननं एका हातानं मत दिलं आणि दुसऱ्या हातानं 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं. रायबानं तेवीस हात पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा आपण कशाला होकार देतोय हे त्याला माहीत होतं. त्यानं दोन्ही हात वर केले.

चंद्राबाई बाहेर गेली आणि सगुणाला घेऊन आली. खुर्च्यांच्या मधली वाट प्रमुख पाहुण्यांसाठी सोडलेली होती, लाल सतरंजीसकट. पाठीवर सन्मानाची शाल घेऊन सगुणा त्या वाटेनं शांतपणे पुढे आली आणि व्यासपीठासमोर सतरंजीवर बसली. नेमक्या त्याच वेळी पाऊस थांबला. पन्हळीचं टपटपणं तेवढं ऐकू येऊ लागलं.

"वहिनी!" श्रीपतराव ओरडले. "हे काय चाललंय?"

"ठरावापरमानं चाललंय, भावजी. आत्ताच हात वर केलात. पयला तुमचाच व्हता."

"कसला ठराव? मला तर काही..."

आणि श्रीपतराव थांबले. अनुभवी माणूस. 'मला तर काही ऐकू आलं नाही' हे वाक्य पूर्ण झालं, तर ते एकट्या म्हशीला लागू होणार नव्हतं. टाईल्स जाणार होत्या. वडिलांचं नाव जाणार होतं. पाचवी बिनविरोध निवड तर सगळ्यात आधी जाणार होती. समोर बावीस पदाधिकारी त्यांच्याकडे बघत होते, आणि प्रत्येकाचं स्वतःचं काही ना काही त्या सात ठरावांत अडकलेलं होतं.

"मला तर काही," श्रीपतराव म्हणाले, "बोलायला शब्दच सुचत नाहीत, इतका आनंद झालाय. पशुधन हीच वाडीची खरी संपत्ती."

टाळ्या झाल्या.

सगुणाच्या कळा सुरू झाल्या तशी बायकांनी पुरुषांना उठवलं. कार्यकारिणीचं टप्प्याटप्प्यानं पुनर्वसन करण्यात आलं. आधी मागच्या रांगेत, मग डाव्या पडवीत. पाऊस पुन्हा लागला, झड पडवीत येत होती. पदाधिकारी खुर्च्या डोक्यावर धरून उभे होते. तिथूनही शेड छान दिसत होती.

दिवेलागणीला पारडी झाली. चंद्राबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग खालच्या कोब्यावरून, आणि रायबाकडे पाहिलं.

"सुकी हाय," ती म्हणाली. "बास."

या दोन 'बास'मध्ये वर्षाचं अंतर होतं. रायबा पेंढा आणायला धावला.

दिवाळीत इनायत वसुलीच्या निमित्तानं नव्हे, सहज चक्कर टाकायला आला. डाव्या पडवीत मंडळाची बैठक चालू होती. पत्र्याखाली फोम मारला तर पुढच्या वर्षी सगळं स्पष्ट ऐकू येईल, असं त्यानं मोकळ्या मनानं सुचवलं. बाहेर कोरडं ऊन होतं, त्यामुळे सूचना सगळ्यांना नीट ऐकू आली. ती तेवीस विरुद्ध शून्य मतांनी फेटाळली गेली, आणि पुढची सभाही भर पावसातच घ्यावी असं ठरलं.

हे वाचून शहरातल्या सुशिक्षित वाचकाला हसू येईल. जरूर हसावं. हसून झालं की फक्त एक करावं: आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या किंवा पतपेढीच्या गेल्या सभेत आपण हात वर केला होता, तो कशासाठी, ते आठवून पाहावं. तिथं तर वर स्लॅब होता, आणि बाहेर पाऊसही नव्हता.