साडेसात मीटरच्या घराचं एक चाक

टायर शेवटी बदलला गेला.

हे वाक्य वाचलंत ना, आता विसरून जा. आमच्याकडे टायर कधी फुटलाच नाही. बाबांनी तसं जाहीर केलंय, आणि जेवताना कुणी चुकून ‘हवा’ म्हटलं तरी ते ताटावरून उठतात. तेव्हा आपण असं समजू की त्या शनिवारी सकाळी आम्ही चौघं आनंदात निघालो आणि पुढे काही घडलं नाही.

तर जे घडलं नाही ते असं.

इतर माणसं निवृत्त झाली की सकाळी फिरायला जातात. बाबांनी मोटरहोम घेतली. पुढे ट्रकचं तोंड आणि मागे दोन खोल्यांचं घर. आत शेगडी, बेसिन, पलंग आणि एक संडास, ज्यात बसायचं असेल तर आधी दार उघडं ठेवून आत पाय कुठे ठेवायचे हे ठरवावं लागतं. दोन वर्षांत ती दोनदा बाहेर पडली. उरलेला वेळ इमारतीखाली उभी राहिली आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला तिची लांबी सांगत राहिले. लांबी दर महिन्याला थोडी वाढायची.

मग ताईला दुकान सापडलं. ताई चष्म्याचं काम करते. सहा वर्षं ती दुसऱ्याच्या दुकानात तिसऱ्याचे डोळे तपासतेय. दोनशे किलोमीटरवरच्या एका गावात चष्म्याचं एकही दुकान नव्हतं आणि एक गाळा रिकामा होता. मालकाने निक्षून सांगितलं होतं, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत डिपॉझिट, नाहीतर मागे माणूस तयार आहे. डिपॉझिटची रक्कम म्हणजे मोटरहोम विकून येणारे पैसे, अधिक ताईचे साठवलेले नव्वद हजार. गाडीचं गिऱ्हाईकही त्याच गावातलं. एक निवृत्त जोडपं, चार वाजेपर्यंत वाट बघणार होतं.

योजना माझी होती. ताईचं सगळं सामान, म्हणजे चष्म्यांची खोकी, डोळे तपासायची भिंगं, अक्षरांचा तक्ता, मोटरहोममध्ये भरायचं. गावात जाऊन गाळ्यात उतरवायचं. गाडी द्यायची, पैसे घ्यायचे, डिपॉझिट भरायचं, बसने परत. इतकी साधी योजना की तिच्यात चुकायला जागाच नव्हती.

एकच प्रश्न होता. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला येणाऱ्या कंपनीचं आमचं वर्षाचं सदस्यत्व मंगळवारी संपत होतं. पुन्हा घ्यायचं तर चार हजार.

“एका दिवसासाठी चार हजार?” मी बाबांना म्हणालो. “होऊन होऊन काय होणार? टायर बसेल. टायर बदलायला काय लागतं? जॅक लागतो, पाना लागतो आणि मी लागतो.”

“तू कधी बदललायस?” ताईने विचारलं.

“सतरा व्हिडिओ बघितलेत.”

“मी हृदयाच्या ऑपरेशनचे बघितलेत. कुणी टेबलावर झोपत नाही माझ्यासमोर.”

पण बाबांना पटलं. चार हजार वाचले. हा आकडा लक्षात ठेवायची गरज नाही. तो मी जन्मभर लक्षात ठेवणार आहे.

अकराला दहा कमी असताना मागे असा आवाज झाला की कपाटातून आई ओरडली, “मी काही केलं नाही!”

ती कपाटात का होती हे मी विचारलं नाही. आम्ही सगळे खाली उतरलो. मागे डावीकडे दोन चाकं एकाला एक चिकटून असतात. त्यातलं आतलं गेलं होतं. म्हणजे बाहेरचं काढल्याशिवाय आतल्याची साधी भेटही होत नाही. सतरापैकी एकाही व्हिडिओत असं चाक नव्हतं.

मी बाह्या सरसावल्या. जॅक लावला, दांडा फिरवला. गाडी वर गेली नाही. जॅक खाली गेला. शांतपणे, एखादा माणूस थकून खुर्चीत बसावा तसा तो मातीत बसला.

“असू दे,” मी म्हणालो. “आधी स्टेपनी काढून ठेवू. बाबा, स्टेपनी कुठाय?”

बाबांनी आईकडे बघितलं. आईने लांब कुठेतरी बघितलं.

“गॅलरीत,” आई म्हणाली.

“आपल्या घरच्या गॅलरीत?”

“पुदिना लावलाय तिच्यात. छान आलाय.”

ताईने घड्याळ बघितलं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज असा की तुमचं घर जळतंय हेसुद्धा त्या तुम्हाला झोप लागेल अशा सुरात सांगतील.

“सदस्य आहात का, सर?”

“मंगळवारपर्यंत होतो.”

“सदस्यांना फक्त टायरचे पैसे पडतात, सर. बाकीच्यांना येण्याचे, अंतराचे, टायरचे आणि वेळेचे. वेळ आमची गाडी निघाल्यापासून तुमची सही होईपर्यंत, दर पंधरा मिनिटांना. गाडी किती लांब आहे?”

इथे बाबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. दोन वर्षं ते लोकांना आपणहून लांबी सांगत होते. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

“साडेनऊ मीटर,” बाबा म्हणाले.

“बाबा, साडेसात,” मी कुजबुजलो.

“पायरी धरून.”

“पायरी दोन मीटरची आहे?”

“वजन, सर?” फोनमधून विचारणा झाली.

“आठ टन,” बाबा म्हणाले. कागदपत्रांवर साडेचार आहे. “भरल्यावर जास्तच.”

“मग तुमची गाडी अवजड वर्गात जाईल, सर. दर वेगळे आहेत. चालेल?”

बाबांनी फोनवर हात ठेवला. चेहरा उजळला होता. “अवजड,” ते आम्हाला म्हणाले. “बघितलंत?” आणि फोनमध्ये म्हणाले, “चालेल.”

सव्वा वाजता टायरवाला आला. त्याची गाडी आमच्या गाडीपेक्षा मोठी होती. जॅक असा, की त्याने आमची इमारतही उचलली असती, फक्त रहिवाशांची परवानगी लागली असती. पंचावन्नच्या आसपासचा, शांत माणूस. तो उतरला, आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “ती आठ टनाची कुठाय?”

“हीच,” बाबा म्हणाले.

पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे शिंपी जसा बघतो, तसं त्याने बाबांकडे बघितलं. “अवजड म्हणून नोंद झालीय. आता माझ्या हातात नाही,” तो म्हणाला आणि पान्याकडे वळला.

“आधी चहा घ्या,” आई दारातून म्हणाली.

“आई, त्यांचं मीटर चालू आहे,” ताई म्हणाली.

“घरी आलेला माणूस चहा न घेता कामाला लागणार? शोभतं का?”

“हे घर नाही, गाडी आहे.”

“मग दोन वर्षं मी केर कशात काढतेय?”

टायरवाला पायपुसण्यावर पाय पुसून आत आला, पलंगावर बसला, आणि अवजड वर्गाच्या दराने चहा प्यायला लागला. त्याने कप खाली ठेवला की ताईचा जीव भांड्यात पडायचा. लगेच आई कप भरायची. मग बिस्किटं आली. मग बाबांनी त्याला गाडीची लांबी सांगितली. मी खिडकीपाशी उभा राहून मिनिटं मोजत होतो. इतका महागडा चहा मी आजवर दुरूनसुद्धा पाहिला नव्हता.

काम मात्र त्याने पस्तीस मिनिटांत उरकलं. बाहेरचं चाक काढलं, आतलं काढलं, नवा टायर चढवला, सगळं परत जागच्या जागी. दोन वाजून गेले होते. अजून दोन तासांत गाठता येण्यासारखं होतं. मग त्याने टॅब काढला. हात लांब केला. आणखी लांब केला. शेवटी मान मागे नेत नेत तो आमच्या बेसिनला टेकला.

“तेहेतीस हजार,” तो म्हणाला.

बाहेरून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने गाडी हलली.

“महिन्याचे?” आईने विचारलं.

“या टायरचे, वहिनी. येणं, अंतर, वेळ, सगळं धरून.”

चार हजार वाचवण्याचे तेहेतीस हजार! ताईने पर्स उघडली. पाकिटातून तेहेतीस हजार मोजून पलंगावर ठेवले. मोजताना ती एकदाही चुकली नाही, आणि तेच बघवत नव्हतं. “उरलेले पुढच्या महिन्यात देते म्हणून गाळेवाल्याला विनवते,” ती म्हणाली. “गाडी विकली गेली की ऐकेल तो.”

मग तिने टायरवाल्याकडे बघितलं. तिला राहवेना.

“काका, तुम्हाला जवळचं दिसत नाही.”

“दिसतं की. हात जरा आखूड पडतो.”

“बसा इथे.”

“ताई, मीटर,” मी म्हणालो.

“दोन मिनिटं,” ती म्हणाली, आणि खोकी उघडली. वीस मिनिटं लागली. समोर अक्षरांचा तक्ता मी धरला, कारण भिंतीला खिळा नव्हता. तिने भिंगं बदलून बदलून लावली, नंबर काढला, खोक्यातून एक तयार चष्मा उचलला आणि त्याच्या नाकावर ठेवला. “राहू दे तुम्हाला,” ती म्हणाली. “दुकानाची बोहनी समजा.”

टायरवाल्याने आपले हात बघितले. उलटसुलट करून बघितले. “नखं अशी आहेत होय माझी,” तो म्हणाला. मग पाकिटातला बायकोचा फोटो काढला आणि बराच वेळ बघत राहिला. “ही हसतेय,” तो म्हणाला. “मला इतकी वर्षं वाटायचं, रागावलीय.”

आईने डोळ्याला पदर लावला. बाबांनी घसा खाकरला. मलासुद्धा क्षणभर वाटलं, की जाऊ देत तेहेतीस हजार, जगात पैसा काय कामाचा.

मग त्याने सहीसाठी टॅब उचलला. जवळ धरला.

“एक घोळ आहे,” तो म्हणाला.

“काय?” ताई म्हणाली.

“हे तीन नाहीत. आठ आहेत. दोन्ही.”

माझं गणित तसं बरं आहे, पण त्या वेळी मेंदूने आकडा जोडायलाच नकार दिला. आईने जोडला.

“अठ्ठ्याऐंशी हजार?”

“अवजड वर्ग आहे, वहिनी.”

“काका,” मी म्हणालो, “चष्मा काढा.”

त्याने बिचाऱ्याने काढलासुद्धा. “काढला तरी आता माहीत झालंय,” तो म्हणाला. “मी तेहेतीस भरले तर उरलेले माझ्या पगारातून कापतील. डोळे तपासायची वीस मिनिटं मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत टाकतो. तेवढंच माझ्या हातात आहे.”

ताईने आणखी पंचावन्न हजार मोजले. पाकिटात दोन हजार राहिले. टायरवाल्याने मान खाली घालून पावती दिली. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. गिऱ्हाईक.

“निघालोच,” बाबा म्हणाले. “जरा टायर बदलत होतो. एकदम नवा कोरा टायर मिळतोय तुम्हाला. अठ्ठ्याऐंशी हजाराचा.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“छे, छे, एकाच टायरचे. अवजड वर्ग आहे ना.”

ताईने दोन्ही हातांनी खुणा केल्या. मी पाय धरायला वाकलो. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र असं तेज होतं की त्यांना आम्ही दिसतच नव्हतो.

“चाकं? सहा आहेत,” ते अभिमानाने म्हणाले.

मग ते नुसतेच ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, “त्यांच्या मिसेस मागे कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या होत्या. दोघं विचार करून कळवतो म्हणाले.”

त्यांचा विचार अजून चालू आहे. फोन बंद ठेवून करतायत.

ताई पलंगावर खोक्यांच्या मधे बसली. सहाला गाळा दुसऱ्याचा होणार हे सांगायची गरज नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती चष्म्यांच्या काड्या एकेक करून मिटत बसली. मला तिच्याकडे बघायचं धैर्य होईना, म्हणून मी अक्षरांचा तक्ता तोंडासमोर धरून उभा राहिलो.

टायरवाला दारात घुटमळला. निघायचं होतं, सही झाली होती, मीटर बंद होतं. आता तो जो वेळ घालवत होता, तो त्याचा स्वतःचा होता.

“असे आणखी आहेत का?” त्याने खोक्यांकडे बोट दाखवलं. “आमच्या डेपोत चौदा जण आहेत. सगळ्यांचेच हात आखूड.”

ताईने मान वर केली. “पुढचं गाव गाठायला किती वेळ लागेल?” असं काहीतरी ती विचारेल असं मला वाटलं. तिने विचारलं, “डेपो कुठल्या बाजूला आहे?”

आता दर मंगळवारी आणि शनिवारी आमची मोटरहोम त्या डेपोच्या फाटकाबाहेर उभी असते. पलंगावर गिऱ्हाईक बसतं, बेसिनवर आरसा लावलाय, आई चहा देते. ट्रकवालेही थांबायला लागलेत. बाबा गाडी चालवतात आणि रांगेतल्या लोकांना सांगतात की दुकान बारा मीटर लांब आहे. अठ्ठ्याऐंशी हजार भरून निघायला ताईच्या हिशेबाने दीड वर्ष लागेल. घरच्यांनी एकमताने ठरवलंय, की तोवर तक्ता मीच धरायचा. भिंतीला खिळा मारायची सगळ्यांना बंदी आहे.

हात भरून येतात. त्या वेळात मी मनातल्या मनात एक अर्ज तयार केला आणि काल पाठवून दिला. तो असा:

प्रति, ग्राहक सेवा विभाग. विषय: बिलाच्या वाचनाबाबत.

महोदय, आपल्या सेवेबद्दल आमची काहीही तक्रार नाही. टायर उत्तम आहे. तथापि सदर बिल आपल्या कर्मचाऱ्याने प्रथम तेहेतीस हजार असे वाचले होते आणि आम्ही ते तत्काळ मान्य केले होते. त्यानंतर त्यांच्या नजरेत झालेली सुधारणा ही आमच्याच कुटुंबाकडून, विनामूल्य झालेली आहे. तरी सदर बिल कर्मचाऱ्याच्या पूर्वीच्या नजरेनेच कायमस्वरूपी वाचण्यात यावे आणि फरकाची रक्कम परत मिळावी, ही नम्र विनंती.

सोबत: पूर्वीच्या नजरेचा नंबर, दोन्ही डोळ्यांचा.