ओल्या छत्र्यांचं वाण

अविनाशनं बायकोचं पहिल्या हाकेला ऐकलं आणि घात तिथंच झाला. एरवी दुसऱ्या हाकेला "हं" म्हणायचं आणि पाचव्या हाकेला उठायचं, हा त्याचा लग्नापासूनचा शिरस्ता. त्या शिरस्त्यावर दिल्लीतल्या द्वारकेतला तो संसार कसा गुण्यागोविंदानं चालला होता. पण माणसाला कधी कधी चांगलं वागायची हुक्की येते, आणि मग निस्तरताना नाकी नऊ येतात.

झालं काय, संक्रांत होऊन गेली होती. सरलानं हळदीकुंकू ठेवलं होतं. सकाळीच ती म्हणाली, "अहो, आज बायका यायच्यात. तुमच्या त्या काळ्या चकत्या हॉलमधून हलवा."

चकत्या म्हणजे रेकॉर्डी. मोठ्या नाहीत, लहान. सात इंची. एका बाजूला एक गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याहून वाईट एक. नव्वद-ब्याण्णव सालची विलायती पोरं, हातात गिटार, मागं ढोलाचं मशीन धाडधाड चाललंय, आणि गाणारा असा रडका की वाटावं ह्याच्या घरी आत्ताच कोणी गेलंय. आणि त्यावर म्हणे नाचायचं. ह्याला ते लोक अल्टरनेटिव्ह डान्स म्हणतात. (अविनाश स्वतः आजवर कुठेही नाचलेला नाही. त्याच्या वरातीत लोक नाचत होते तेव्हा हा बँडवाल्याला ताल कोणता ते विचारत होता.) पण नाद असा की सरकारी नोकरीतले सगळे शनिवार-रविवार त्यात गेले. रेकॉर्डी जमवायच्या, कापसानं पुसायच्या, मशीनवर लावून कॉम्प्युटरमध्ये भरायच्या, आणि आपल्यासारखेच आणखी चार वेडे दिल्लीत आहेत त्यांना पाठवायच्या. कोणाकडे एखादी दुर्मिळ आली की ती सगळ्यांची. ती घरोघरी फिरते.

तर त्यानं ऐकलं. उठला, रेकॉर्डी एका रिकाम्या खोक्यात भरल्या, आणि बेडरूममधल्या पलंगाखाली सरकवल्या. तिथं आधीच एक तसंच खोकं होतं. ह्यानं आपलं त्याच्या पुढं ठेवलं.

मागच्या खोक्यात वाण होतं. आता गंमत बघा. सरलानं ह्या वर्षी वाण काय मागवलं होतं, तर गरम पातेल्याखाली ठेवायच्या रबरी मॅट. आणि त्या कशा, तर रेकॉर्डीसारख्या दिसणाऱ्या. गोल, काळ्या, मध्ये रंगीत चकती. "तीस वर्षं तुमच्या रेकॉर्डींवरची धूळ पुसली," ती म्हणाली होती, "एकदा तरी त्यातून कुणाचा उपयोग होऊ दे."

हळदीकुंकवाला पुरुषाचं घरात काही काम नसतं, आणि असलं तरी करू देत नाहीत. अविनाश कानटोपी घालून सोसायटीच्या पार्कात जाऊन बसला. धुकं असं की समोरच्या बाकावर कोण आहे ते कळेना. (कोणी नव्हतं. त्यानं उगाच दोनदा नमस्कार केला.) वर घरात सरला कुंकू लावत होती आणि दारात वाण द्यायला तिनं शेजारच्या चंद्रप्रभाताईंना उभं केलं होतं. "ताई, पलंगाखाली खोकं आहे, रेकॉर्डीसारख्या मॅट आहेत, पिशवीत एकेक घाला, सोबत तिळगूळ," एवढं सांगितलं. आणखी काय सांगणार?

संध्याकाळी अविनाश वर आला. बायका गेल्या होत्या. चंद्रप्रभाताई सोफ्यावर पाय पसरून उरलेला ढोकळा संपवत होत्या. ह्यानं पलंगाखालून खोकं ओढलं तर हाताला मऊ रबर लागलं. दुसरं ओढलं. त्यात नुसती कागदी कव्हरं, नीट गठ्ठा करून सुतळीनं बांधलेली.

"ताई," तो बाहेर येऊन म्हणाला, "बायकांना काय दिलंत?"

"मॅट. काय हुबेहूब बनवतात हो भावजी हल्ली. मधलं भोकसुद्धा सोडलं नाही."

"आणि ही कव्हरं?"

"मळकी होती. वाण काय मळक्या कागदात देतात? काढून ठेवली. रद्दीत जातील."

अविनाशच्या तोंडून जो आवाज निघाला तो थेट त्याच्या रेकॉर्डींतल्या गाणाऱ्यांसारखा होता.

आता सगळ्या गेल्या असत्या तरी त्यानं काळजावर दगड ठेवला असता. पण त्यात एक होती, हिरव्या लेबलाची, आणि ती त्याची नव्हतीच. ती नरसिंहाची. नरसिंह म्हणजे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा त्याचा जुना दोस्त, त्या वेड्यांतला थोरला वेडा. इंग्लंडातल्या कुठल्याशा पावसाळी गावातल्या चार पोरांचा बँड, नाव मराठीत सांगायचं तर 'ओल्या छत्र्या'. त्यांनी ब्याण्णव साली एकच रेकॉर्ड काढली. ती कोणी विकत घेतली नाही, म्हणून ती दुर्मिळ. नरसिंहाला ती मिळवायला निम्मं आयुष्य लागलं. त्यानं ती अविनाशच्या हातात देताना लहान मूल देतात तशी मानेखाली हात धरून दिली होती. "तुझं मशीन चांगलं आहे यार. आरामात भर, सगळ्यांना पाठव. मग मी न्यायला येतो." आणि अविनाशनं आराम तेवढा केला होता, भरायची राहिली होती. कारण भरताना नीट ऐकायला शांतता लागते आणि घरात सारखी कुकरची शिट्टी.

"सरला, आत्ता फोन कर सगळ्यांना. परत माग."

"दिलेलं वाण परत मागत नाहीत."

"अगं पण ते वाण नव्हतंच."

"कुंकू लावून हातात ठेवलं की वाण. तुम्हाला ठेवलं असतं तरी परत घेता आलं नसतं."

"मग मी नरसिंहाला काय तोंड दाखवू?"

"आहे तेच. दुसरं कुठून आणणार?" पण त्याचा चेहरा बघून तिला दया आली. "तुम्हीच जा. काहीतरी सांगा आणि बदलून घ्या. माझं नाव मध्ये येता कामा नये."

दुसऱ्या दिवशी अविनाश खऱ्या मॅटची पिशवी खांद्याला अडकवून निघाला. युक्ती त्यानं अंथरुणातच काढली होती. गाड्या नाही का कंपनी परत बोलावते, ब्रेकमध्ये खोट निघाली म्हणून? तसंच. पहिल्या घरी तो म्हणाला, "वहिनी, त्या मॅटला जरा वास येतो अशी तक्रार आलीय, कंपनीनं बदलून दिल्यात." झालं, मिळाली. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, मला तर नाही आला वास. तेव्हा ह्यानं हाताला खाज येते असं घातलं. तिसऱ्या घरी रेकॉर्डीवर डाळीचं गरम पातेलं ठेवून झालं होतं आणि तिची वाटी झाली होती. (त्यात चटणी होती. चांगली बसली होती.) चौथ्या घरी मालकांनी ती मनीप्लांटच्या कुंडीखाली ठेवली होती आणि ते म्हणाले, पाणी जायला भोक बरोबर जागी आहे, ही आम्ही देणार नाही. मग अविनाशला सांगावं लागलं की युरोपात ह्यावर बंदी आहे, ह्यातून गॅस सुटतो.

थाप मारताना माणसानं थापेच्या पुढं पळू नये. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत आलं: काळ्या गोल मॅट विषारी आहेत, हात न लावता चिमट्यानं उचलून ताबडतोब फेका. आणि बायकांनी फेकल्या.

मग काय, अविनाश सोसायटी-सोसायटीचे कचऱ्याचे डबे हुडकत फिरला. एका ठिकाणी तर कमरेपर्यंत आत. मागून गार्ड आला.

"अंकल, क्या ढूँढ रहे हो?"

"कुछ नहीं भैया. मैट है एक."

"काली वाली? अरे अंकल, हटो. उसमें ज़हर है."

"मुझे पता है."

गार्ड त्याच्याकडे बघतच राहिला. मग दोन पावलं मागं सरला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

संध्याकाळपर्यंत रेकॉर्डी बऱ्याचशा आल्या. कोणाला हळद, कोणाला शिळी भाजी, एकीला बाळाचा डायपर चिकटलेला. हिरव्या लेबलाची मात्र नाही. उरली एकच, विनया. पुण्याहून आलेली, गुडगावात आयटीत काम करणारी, तोंडानं गोड.

"काका, या ना. मॅट? अहो मी तर रोज वापरते. एकदम मस्त आहे."

"रोज? कालच तर दिलीय. बरं, दाखव, बदलून देतो. लेबल हिरवं आहे का?"

"हिरवंच. पण आत्ता नाही दाखवता येणार. धुवायला टाकलीय."

"मॅट?"

"मशीनमध्ये. टॉवेलांबरोबर."

आतून खरंच मशीनचा गरगर आवाज येत होता. जी वस्तू मिनिटाला पंचेचाळीस वेळा फिरण्यासाठी जन्माला आली, ती आत हजारानं फिरत होती. अविनाश लिफ्टकडे गेला. जायचं होतं खाली, पण वर जायचं बटण दाबून गच्चीवर पोचला.

तो आठवडा त्यानं कसा काढला त्याचं त्याला माहीत. जेवताना घास तोंडाशी थांबायचा. ऑफिसात एका फाईलवर त्यानं शेऱ्याऐवजी 'क्षमस्व, नरसिंह' लिहिलं आणि साहेबांनी त्याला गरम पाणी पाजून घरी धाडलं. वर नरसिंहाचा फोन. "रविवारी येतो रे. देविकाला पण आणतोय. छत्र्या भरल्यास ना? आपल्यातला नोएडावाला रोज विचारतो." अविनाश म्हणाला, "बिल्कुल." फोन ठेवून तो आरशासमोर उभा राहून वाक्य जुळवायला लागला: नरसिंहा, रेकॉर्ड म्हणजे शेवटी प्लास्टिकच रे. नरसिंहा, आपण काय बरोबर नेणार आहोत?

शुक्रवारी विनयाकडे हळदीकुंकू. सरला गेली. परत आली ती चपला न काढता हॉलमध्ये, नाक लाल, आणि थंडीनं नव्हे.

"शोभतं का हे? सांगा, शोभतं का?"

"मी काय केलं?" अविनाशनं सवयीनं विचारलं.

"तुम्ही नाही, ती. माझंच वाण तिनं मला दिलं. पिशवी माझी, गाठ चंद्रप्रभाताईंची, आतला तिळगूळ पण माझा. उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं बयेनं. रोज वापरते म्हणे. आणि तुम्ही विषारी सांगत फिरलात ना, म्हणून घरात नको झालं असेल. चला, द्या कोणाच्या तरी गळ्यात. कोणाच्या, तर माझ्याच."

अविनाशनं पिशवी तिच्या हातातून घेतली. हळूच. आत हात घातला. तिळगुळाचे दोन दाणे चिकटलेले, आणि मध्ये हिरवं लेबल.

सरलाचा अपमान आणि अविनाशचा जीव एकाच पिशवीतून घरी आले बघा. ती रडवेली आणि हा हसतोय. मग त्यानं रेकॉर्ड टेबलावर ठेवली, दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. जन्मात पहिल्यांदाच.

"हे काय?" सरलानं घाबरून विचारलं.

"नाच."

"बसा खाली. पाणी आणते."

पण पाणी आणता आणता ती पण हसायला लागली. त्या रात्री घास कुठेही न थांबता पोळ्या गेल्या. शनिवारी सरलानं मऊ फडक्यानं तीळ निपटून दिले, दुपारभर कुकर लावला नाही, फक्त खिचडी केली, तीही पातेल्यात. अविनाशनं ओल्या छत्र्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या आणि सगळ्यांना पाठवल्या. नोएडावाल्याचा लगेच मेसेज: क्या बात है यार, आँख में पानी आ गया. अविनाशला बोर्डाच्या परीक्षेत पास झाल्यावरसुद्धा इतकं हलकं वाटलं नव्हतं. (तेव्हा गणितात काठावरच निघाला होता म्हणा.)

रविवारी नरसिंह आणि त्याची बायको देविका आले. नरसिंहानं रेकॉर्ड कव्हरातून काढली, उजेडात तिरकी धरली, फुंकर मारली. अविनाशनं श्वास धरला.

"शाब्बास," नरसिंह म्हणाला. "होती त्याच्यापेक्षा चमकतेय. वस्तू सांभाळावी ती तूच रे."

अविनाश नम्रपणे खाली बघत राहिला. चहा झाला. रथसप्तमी अजून व्हायची होती, घरी सवाष्ण आलेली, म्हणून सरलानं देविकाला हळदीकुंकू लावलं आणि हातात एक मॅट ठेवली. खरी, रबरी.

देविकानं हात मागं घेतला. "वहिनी, राग नका मानू, पण ही नको. आमच्या आर. के. पुरमच्या ग्रुपवर आलंय ह्याचं. विषारी असते. आणि एक माणूस फिरतोय म्हणे द्वारकेत. घरोघरी जाऊन ह्या गोळा करतो, कचऱ्यातल्या पण सोडत नाही. थांबा, फोटो आहे."

तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत एक निळा डबा, डब्याबाहेर राहिलेले दोन पाय आणि ढुंगण, आणि काठाशी थोडीशी कानटोपी. नरसिंहानं चष्मा लावून नीट बघितलं. सरलानं बघितलं आणि ती एकदम पडदे सारखे करायला उठली.

"काही ओळखू येत नाही," नरसिंह म्हणाला. "कोण असेल बिचारा."

अविनाशनं सुटकेचा मोठा श्वास सोडला.

"खाली लिहिलंय ना," देविका वाचायला लागली. "सावधान. डोकं ठिकाणावर नसावं. बोलायला सभ्य. वय सत्तरच्या वर."

"सत्तर?" अविनाश ताडकन उठला. "कोण म्हणतं सत्तर? मी अठ्ठावन्नचा आहे."

नरसिंहानं चष्मा काढला, रेकॉर्ड उचलली आणि कोटाच्या आतल्या बाजूला छातीशी धरली.

पडद्यापाशी उभी असलेली सरला म्हणाली, "सत्तरच राहू द्या हो. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस असं वागला, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"