घाग मास्तरांची गळकी टाकी

घाग मास्तरांना "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. "बरं आहे हे कशावरून गृहीत धरलंत?" असं ते उलट विचारायचे. आपण गडबडून "आपलं सहज विचारलं हो" म्हणालो, की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "सहज काही नसतं. सिद्ध करा."

तीस वर्षं त्यांनी रत्नागिरीतल्या पोरांना भूमिती शिकवली होती. ती त्यांच्या अंगात भिनली होती. नळाला पाणी येणार म्हणालात, सिद्ध करा. आंबा यंदा चांगला आहे म्हणालात, सिद्ध करा. एकदा दारावरच्या कोळणीनं बांगडा ताजा असल्याचं सांगितलं आणि मास्तर सवयीनं बोलून गेले. बाईनं बांगडा थेट त्यांच्या नाकाला लावला. "घ्या, हुंगा!" आमच्या आळीत मास्तरांना गप्प करणारी ती एकटीच.

मी त्यांचा शेजारी. भूमापन कचेरीत कारकून. आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतका चिऱ्याचा गडगा होता आणि त्या गडग्यावरून मला त्यांचा संसार फुकटात दिसायचा. संसार म्हणजे ते आणि काकू. मूलबाळ नाही. मास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी काकूंना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. त्यानंतर तीनच महिन्यांत, जन्मभर सायकलवरून फिरलेल्या या माणसानं एका डॉक्टरांची जुनी गाडी विकत घेतली.

गावात चर्चा झालीच. "बायको अंथरुणाला खिळली आणि ह्याला मोटारीचा शौक!" हे म्हणणाऱ्यांत मी होतो. आज सांगायला लाज वाटते, पण होतो.

रोज पाचच्या ठोक्याला मास्तर काकूंना उचलून गाडीत ठेवायचे आणि भाट्याच्या किनाऱ्याकडे निघायचे. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणत, "मला जमत नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मग आपण कशाला पुढे व्हायचं?

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात ती टाकी गळायला लागली. गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी मारायची टाकी. बॉनेटखाली प्लास्टिकचं एक पांढरं डबडं, त्याला रबरी नळी. आतलं बटण दाबलं की काचेवर पिचकारी उडते आणि वायपर ती पुसतो. डबड्याला बुडाशी चीर गेली होती. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत अंगणात.

गॅरेजवाल्या अन्वरनं हसून सांगितलं, "मास्तर, पाऊस संपला. काढून टाका ती टाकी. लागते कुणाला?"

"लागत नाही? सिद्ध करा."

"आता ह्यात काय सिद्ध करायचं? माझ्याकडे इतक्या गाड्या येतात, एकाची तरी चालू असेल तर शपथ!"

"म्हणजे गावातली सगळी पोरं नापास झाली म्हणून गणित चुकीचं," मास्तर म्हणाले आणि टाकी काखेत मारून घरी आले. दुरुस्ती घरीच होणार होती.

पहिल्यांदा त्यांनी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. ते दोन दिवस टिकलं आणि तिसऱ्या दिवशी पिकलेल्या पानासारखं गळून पडलं. मग मेण ओतलं. इंजिन तापलं, मेण वितळलं, नळीत जाऊन बसलं, आणि मास्तर एक अख्खा रविवार केरसुणीच्या हिरांनी नळी कोरत बसले. मग फणसाची कोवळी कुयरी तोडून तिचा चीक लावला. टाकी गळायची थांबली नाही, पण मास्तरांची बोटं एकमेकांना अशी चिकटली की दुसऱ्या दिवशी त्यांना विडी धरता येईना. शेवटी, फुटक्या बादल्या सांधणारे करतात तसं, त्यांनी स्टोव्हवर उलथनं लाल केलं आणि बादलीचा तुकडा टाकीवर वितळवायला घेतला. वास आमच्या माजघरापर्यंत आला. मी गडग्यावरून डोकावलो. चिरेचं भोक झालं होतं. त्यातून मास्तर माझ्याकडेच बघत होते.

"बोला," ते म्हणाले. "हसा की. फी पडत नाही."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळा प्रसंग करून दाखवला. मास्तरांचा चष्मा, मास्तरांचा आवाज, सगळं. माझ्या टेबलाभोवती चहाच्या सुट्टीत गर्दी व्हायची ती मास्तरांमुळे. "आज काय केलं रे टाकीचं?" लोक विचारायचे. मी घरी जाऊन आधी गडग्यावरून बघायचो, उद्याची सोय म्हणून.

आणि मग मास्तरांनी कहर केला. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाईनची रिकामी बाटली आणली, टाकीच्या जागी सुतळीनं उलटी टांगली आणि तिची नळी गाडीच्या नळीला जोडली. चक्क चाललं! काचेवर पिचकारी उडाली. मास्तर पहिल्यांदाच हसले असतील-नसतील, तोवर मी गडग्यावरून ओरडलो, "मास्तर, गाडीला सलाईन? पेशंट वाचतोय का?"

मागच्या खिडकीशी काकूंची खाट होती, हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं.

मास्तर सिद्ध करा म्हणाले नाहीत. बॉनेट लावून घरात गेले. मी मात्र ही गोष्टसुद्धा कचेरीत सांगितली. खिडकीचं तेवढं वगळून.

चैत्रात एका शनिवारी मास्तर स्वतः गडग्याशी आले. "साळवी, उद्या मोकळे आहात?"

"हो. का?"

"वेळणेश्वरला जायचंय. तिचं माहेर. मागं बसून तिचा खांदा धरायला माणूस लागतो." ओरडल्यासारखं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाकडे काही मागत होते आणि त्यांना ते येत नव्हतं.

पहाटे निघालो. चिपळूणवरून वळसा, रस्ता म्हणजे नुसते खड्डे. काकू पुढे, मी मागे बसून दोन्ही हातांनी त्यांचा खांदा धरलेला. तेव्हा मला कळलं की हात जरा सैल केला तरी त्या उजवीकडे, मास्तरांच्या अंगावर कलंडतात. उशा लावल्या तरी घसरतात. काकूंनी चांगली साडी नेसली होती. माहेरचं पहिलं वळण आलं तेव्हा डाव्या हातानं त्यांनी पदर सारखा केला.

त्यांच्या भावाचं घर रस्त्यालगतच होतं. मास्तर उतरून बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी गेले. भाऊ बाहेर आला; बेडं काही उघडलं नाही. दोघं काही बोलले. मला ऐकू आलं नाही. मास्तर इतके थोडक्यात कधी बोलत नसत. ते परत येऊन बसले, गाडी चालू केली आणि समुद्राच्या वाटेला लागले.

सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली, तोंड समुद्राकडे. वारा भणाणत होता. बघता बघता काचेवर खारा थर चढला आणि समोरचं सगळं दुधी झालं. मास्तरांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मी उतरून बॉनेट उघडलं. सलाईनची बाटली वाटेत कुठल्यातरी खड्ड्यात पडून गेली होती. नुसती सुतळी लोंबत होती.

"बाजूची काच खाली करा की," मी म्हणालो.

"तिचा उजवा डोळा मिटत नाही, साळवी. वाऱ्यानं वाळू जाते." मास्तर सरळ समोर, न दिसणाऱ्या समुद्राकडे बघत होते. "आणि मी पुसायला उतरलो की ती कलंडते. रोजचंच आहे. काच धुरकटली की तिला वाटतं, डोळे गेले आपले. मग रडते. घरी चला म्हणते."

म्हणून आतून चालणारी पिचकारी हवी होती. इतकं साधं होतं ते. पाच महिने मी गडग्यावरून बघत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"जरा," मास्तर म्हणाले आणि थांबले. "जरा पाणी आणता?"

देवळाजवळच्या विहिरीवरून मी कळशी आणली आणि काचेवर ओतली. वायपर फिरला. काचेपलीकडे काकूंचा चेहरा दिसला. एक बाजू निश्चल, दुसरी हसत होती. मास्तरांच्या खांद्यावर त्यांचं डोकं होतं आणि मास्तर बोट दाखवून काही सांगत होते. मी चार कळश्या ओतल्या. ऊन कलेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात मी कोल्हापूरला जाणाऱ्या एका ड्रायव्हरकडून नवी टाकी मागवली. मास्तरांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि मुकाट्यानं बसवू दिली. कचेरीत लोकांनी विचारलं, "मास्तरांचं नवीन काय?" मी म्हणालो, काही नाही. ते हिरमुसले.

नव्या टाकीचं पाणी काकूंना दोनेक आठवडे लाभलं. वैशाखात त्या गेल्या.

तेराव्याला भाऊ आला. पानावर बसला, पोटभर जेवला. "ताईला एकदा शेवटचं माहेरी आणायचं राहूनच गेलं," असं चारचौघांत म्हणाला. वाढायला मास्तर स्वतः होते. "भात घ्या," एवढंच म्हणाले आणि वाढून पुढच्या पानाकडे गेले.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं पडवीत बसलो.

"वेळणेश्वरहून आल्यावर तिनं विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "दादानं आत का नाही बोलावलं म्हणून. मला म्हणाला होता, पायऱ्या उंच आहेत, आणि उतरवून तरी काय करणार? मी तिला सांगितलं, घरात पोरांना गोवर निघालाय. तुझ्या प्रकृतीला नको, म्हणून तोच बिचारा घाबरला." त्यांनी चष्मा काढला. "साळवी, तिला ते खरं वाटलं असेल का हो?"

"वाटलं असेल," मी म्हणालो.

"हं," मास्तर म्हणाले आणि उष्टी पानं गोळा करायला उठले.