वस्तऱ्याखालचा होकार

पोरीच्या नोकरीचा प्रश्न मी एका सकाळीत निकालात काढणार होतो! शाळेत आपण फार टिकलो नाही, पण केस कापायचं दुकान आपलं आहे. इथली सगळी मोठी डोकी माझ्या हाताखालून जातात. ओळख लागते ती आणखी कसली!

पोरगी भूगोल घेऊन पदवीधर झाली आणि तेव्हापासून एकच तुणतुणं. "बाबा, ऐका ना. मला जमीन मोजणीच्या..."

"थांब गं! बाप बसलाय ना!"

बायको म्हणाली, "अहो, तिला विचारा तरी."

"विचारायला ती काय गिऱ्हाईक आहे?"

गिऱ्हाइकांना मात्र विचारलं. वकीलसाहेबांच्या गळ्यावर वस्तरा टेकवला नि म्हटलं, "पोरीला हाताखाली घेता ना?" साहेब म्हणाले, "हं." बँकेच्या साहेबांनी फेसातूनच मान डोलावली. दातांचे डॉक्टरही डोळे मिटून "हूं" म्हणाले. घ्या! रांगेत नोकऱ्या!

दुपारी दुकानाला कुलूप ठोकलं आणि घरी गेलो. "चल, चप्पल घाल!"

"बाबा, मोजणीवाल्यांनी मला निवडलंय. संध्याकाळपर्यंत कळवलं नाही तर ते दुसऱ्याला घेतील!"

"रानोमाळ उन्हात हिंडायला शिकवलं का तुला? चल!"

वकीलसाहेब चष्म्यावरून बघतच राहिले. "मी हो म्हणालो?"

"म्हणालात की! सकाळी!"

"अरे बाबा, नरड्यावर वस्तरा होता! त्यावेळी तू घर मागितलं असतंस तरी 'हं' म्हणालो असतो. असली कबुली कोर्टात धरत नाहीत!"

पोरीनं घड्याळाकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

बँकेचे साहेब तर उखडलेच. "मी मान हलवली नाही हो! तुम्ही धरून वळवलीत! दुसरा गाल करायला!"

आता राहिले डॉक्टर. ते आत हात धूत होते. समोर त्यांची ती खुर्ची. काय खुर्ची होती महाराजा! माझी तिच्यापुढे म्हणजे मोडकं स्टूल. धंद्यातला माणूस मी, राहवतंय थोडंच? बसून बघितलं. बाजूचा खटका दाबला तर धाडकन आडवा! पाय वर, डोकं खाली, उलथलेल्या झुरळासारखा.

डॉक्टर धावत आले. "दुखतंय का? आ करा!"

"नाही हो, मी पोरीच्या..." म्हणेपर्यंत तोंडात आरसा, आकडा आणि एक नळी!

"अरेरे, मागची दाढ पार गेलीये. हलू नका, आकडा लागेल."

पोरीनं ती वेळ बरोबर साधली. माझीच पोरगी ती! "बाबा, मोजणीवाल्यांना हो कळवू?"

"आँ! आँऽऽ!"

"हो म्हणाले," डॉक्टर म्हणाले. "मी साक्षीदार. आणि दाढ काढू ना?"

"आँऽऽऽ!"

"फार समजूतदार गृहस्थ आहेत!"

पोरीनं तिथूनच फोन लावला. माझी दाढ आणि तिची नोकरी, दोन्ही एकदमच निघाल्या.

घरी जाताना तोंडात हा एवढा कापसाचा बोळा. बोलायचं नाही, डॉक्टरांनी बजावलेलं. मग ती बोलत सुटली. कॉलेजात असताना म्हणे मोजणीला गेली होती. दोन भाऊ कुंपणावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. हिनं माप घेऊन हद्दीची खूण ठोकली, तर दोघं तिथंच चहा प्यायला बसले. "तेव्हाच ठरवलं बाबा, हेच करायचं." सांगताना तिचे हात असे चालत होते की रस्त्यातली सायकल थांबली! माझ्या पोटात हरकती नुसत्या उसळत होत्या, पण वर बोळा. रस्ता संपेपर्यंत हरकतीही विरघळल्या कुठंतरी.

दारात बायको. "काय झालं?"

"बाबांनी मोजणीला हो म्हटलं!"

बायकोनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! यांनी तुझं ऐकून घेतलं? सगळं? मध्ये न बोलता?"

मी छाती पुढे काढून मान डोलावली. आयतं कौतुक होत असताना तोंडातला बोळा कशाला काढा!