कागदावर निघालेली दाढ

शेलूबाजारजवळच्या एका गावात राहणारे शेषराव यांची खालची डावी दाढ सोमवारपासून दुखत होती. याबाबत घरात दुमत नव्हते. गाल टम्म फुगला होता, पोटात चार दिवस फक्त पातळ वरण जात होते, आणि लवंग, तुरटी, तंबाखूची चिमूट हे उपाय त्याच क्रमाने करून झाले होते. शुक्रवारी पत्नी दुर्गाबाईंनी त्यांना जीपमध्ये कोंबले आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणले.

नोंदणीच्या खिडकीत अनुप नावाचा ऑपरेटर होता. त्याने आधार क्रमांक टाकला, स्क्रीनकडे पाहिले, शेषरावांच्या गालाकडे पाहिले आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिले. दोहोंत तफावत आढळल्यास विश्वास कोणावर ठेवायचा, हे त्याला प्रशिक्षणात शिकवले होते.

"काका, हे दाढ तर काढेल हाय."

"कोनं काढली?"

"आमीच. दोन महिने झाले. तुमच्या गावात दाताचं शिबिर झालं होतं ना?"

शेषरावांना शिबिर आठवले. शाळेच्या व्हरांड्यात एकाने 'आ' करायला लावून फोटो घेतला होता, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला होता आणि ब्रश व पेस्ट फुकट दिली होती. ओटीपी कशाचा, हे शेषरावांनी विचारले नव्हते. ब्रश दोन मिळतील का, एवढेच विचारले होते.

"मंग हे तोंडात ठणकून राह्यलं ते काय हाय?" दुर्गाबाई कडाडल्या.

"काकू, मी कसं सांगू? सिस्टीमले तर तिथं खड्डा दिसून राह्यला."

प्रकरण दंतवैद्य डॉ. मंजुषा यांच्याकडे गेले. त्यांनी दाढेवर हलकेच टकटक केली. शेषराव खुर्चीतून वीतभर उडाले.

"दाढ आहे," डॉक्टरांनी निष्कर्ष काढला. "आत पू झालाय, आजच काढायला हवी. पण काका, नसलेली दाढ मी काढू कशी? भुलीचं इंजेक्शन कुठल्या दाढेला दिलं म्हणून लिहू?"

"तुमी एक्स-रे काढा ना, बाई!"

एक्स-रे काढला. दाढ दोन्ही मुळांसकट स्वच्छ दिसली. मागोमाग आलेल्या अनुपने नियमावली उघडली.

"जुनी नोंद रद्द कराले पुरावा लागते. एक्स-रे म्हंजे झेरॉक्स झाली, काकू. मूळ प्रत जोडा लागते."

"मूळ प्रत म्हंजे?"

"दाढ."

"मंग काढा ना!"

"काढाले नोंद पायजे."

शेषरावांनी डोळे मिटले. ठणका कानापर्यंत पोचला होता. आजही दाढ तशीच घेऊन परत जायचे, या कल्पनेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. रेशनकार्डावर दोन वर्षे मयत असूनही दर महिन्याला गहू उचलणाऱ्या दुर्गाबाई मात्र डगमगल्या नाहीत.

"बाजूची दाढ कागदावर हाय का?"

"हाय. धडधाकट."

"मंग कागदावरून तिले काढा, अन् तोंडातून हिले."

डॉक्टरांनी बराच विचार केला. सूचनेत वैद्यकीय चूक सापडेना.

दहा मिनिटांत दाढ ट्रेमध्ये पडली. शेषरावांना इतके हलके वाटले, की त्यांनी कापसाचा बोळा चावत डॉक्टरांना दोनदा नमस्कार केला.

"काका, ओटीपी आला काय?" अनुपने विचारले.

शेषरावांनी मोबाइल दाखवला.

"अजून एक आला पाहा."

तोही दाखवला. महिन्याची एकतीस तारीख होती आणि दवाखान्याचे उद्दिष्ट तीस दातांनी कमी पडत होते, हे शेषरावांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

पंधरा दिवसांनी टपालाने पत्र आले. दुर्गाबाईंनी ते मोठ्याने वाचले.

"'आपण संपूर्ण दंतविहीन लाभार्थी असल्याने आपणांस मोफत कवळी मंजूर झाली आहे. कवळी बसवतानाचा फोटो बंधनकारक असल्याने येताना तोंड रिकामे करून यावे. तोंडात दात आढळल्यास, काढलेले दात बेकायदेशीरपणे ताब्यात ठेवल्याबद्दल कारवाई करण्यात येईल.'"

शेषरावांनी जिभेने एक एक दात चाचपला. सगळे मजबूत होते.

"अवं, आता काय करू?"

"तोंड बंद ठेवा! शिबिरातच ठेवलं असतं तं हे दिवस आले नसते."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला, "काका, कवळीच्या कामासाठी एक नंबर आला असेल बघा." शेषरावांनी सवयीने चष्मा लावला आणि सहाही आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले.

ही हकिकत आता शेलूबाजारच्या जीपमध्ये रोज सांगितली जाते आणि ऐकणारा प्रत्येक जण बत्तिशी दाखवून हसतो. तुम्हीही हसा. फक्त गेल्या महिन्यात तुम्ही कोणाकोणाला ओटीपी सांगितला, तेवढे आधी आठवा. हसताना दिसणारे दात अजून तुमच्याच नावावर आहेत की नाहीत, याची खात्री केलेली बरी.